काउंटीचं आरोग्य खातं आणि कोरोनाची साथ: अमेरिकेतली २०२०ची गोष्ट

आजचा विषय तसा ताजा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात इतक्या अलीकडची गोष्ट कशाला, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. पण इतिहासकाराला लागतात ती कागदपत्रं. आदेश, मृत्यूचे दाखले, बैठकांची इतिवृत्तं, कोर्टाचे निकाल. २०२० सालची ही कागदपत्रं अमेरिकेत ढिगानं पडून आहेत आणि गंमत म्हणजे त्यातली फार मोठी रास वॉशिंग्टनला, म्हणजे राजधानीत, सापडत नाही. ती सापडते काउंटीच्या कचेऱ्यांत.

आपण टीव्हीवर बघितलं ते ट्रम्प आणि डॉक्टर फाऊची. रोजची पत्रकार परिषद, रोजची भांडणं. त्यामुळे आपल्याला वाटतं की अमेरिकेत कोरोनाचे निर्णय व्हाइट हाउसमध्ये झाले. घर सोडू नका, शाळा बंद, दुकान बंद, मास्क लावा, हे आदेश प्रत्यक्षात काढले कुणी? काही राज्यांच्या गव्हर्नरांनी, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्याही आधी, काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी. ज्यांची नावं त्यांच्याच गावातल्या लोकांना तोवर ठाऊक नव्हती, अशा माणसांनी.

आता काउंटी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. मराठीत आपण सरळ ‘जिल्हा’ म्हणून मोकळे होतो. नकाशावर बघितलं तर ते ठीकही आहे. राज्याच्या खालचा भाग म्हणजे काउंटी, असे ३,१०० हून जास्त भाग आहेत. पण आकाराचा काही मेळ नाही. लॉस एंजेलिस काउंटीत २०२० च्या जनगणनेत एक कोटीच्या वर माणसं मोजली गेली, आणि टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत ६४. चौसष्ट हजार नव्हे हो, चौसष्ट माणसं! आपल्याकडे एखाद्या चाळीत याहून जास्त निघतील.

खरा फरक कारभाराचा आहे. आपला जिल्हाधिकारी राज्य सरकार नेमतं, बदलतं, त्याला वरून फोन येतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्षही तोच. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, तेव्हा सगळी साखळी वरून खाली अशी होती. हा १८९७ चा कायदा कुठून आला, पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं घराघरांत सोजीर कसे घुसवले, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. काउंटीत मात्र मालक खालचे लोक. पर्यवेक्षकांचं किंवा आयुक्तांचं एक निवडून आलेलं मंडळ असतं. शेरीफ वेगळा निवडून येतो, त्यामुळे तो मंडळाचं ऐकेलच असं नाही. कित्येक ठिकाणी कोरोनरसुद्धा निवडून येतो. आणि आरोग्य अधिकारी? कॅलिफोर्नियात त्याला हे मंडळ नेमतं. म्हणजे ज्याचे अधिकार कायद्यानं प्रचंड, त्याची नोकरी चार-पाच स्थानिक पुढाऱ्यांच्या हातात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही व्यवस्था जुनी आहे. त्या देशात साथीची जबाबदारी बंदरांच्या आणि गावांच्या आरोग्य मंडळांकडून वाढत गेली. वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, वायव्येकडचं राज्य) याकिमा नावाची काउंटी आहे. सफरचंदांचा मुलूख. तिथे विषमज्वरानं, म्हणजे टायफॉइडनं, माणसं मरत होती. त्या साथीनंतर १९११ मध्ये तिथे पूर्णवेळ काउंटी आरोग्य खातं उभं राहिलं. देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या मोजक्या खात्यांपैकी ते एक. याकिमाकडे आपण परत येऊ.

तर २०२०. सुरुवात त्याच राज्यात. स्नोहोमिश काउंटीत पस्तीस वर्षांचा एक माणूस १५ जानेवारीला वुहानहून परतला, १९ तारखेला दवाखान्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली. अमेरिकेतला हा पहिला नोंदलेला रुग्ण. एव्हरेटच्या रुग्णालयात तो बरा झाला. त्याच्या संपर्कातली माणसं शोधून काढली, रोज फोन केले. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. लोकांना वाटलं, जमलं.

शेजारच्या किंग काउंटीत, म्हणजे सिएटलच्या काउंटीत, फेब्रुवारीच्या शेवटी कळलं की जमलेलं नाही. कर्कलंड या उपनगरात वृद्धांचं एक शुश्रूषागृह होतं. तिथे १८ मार्चपर्यंत १६७ जणांना लागण झाल्याचं निघालं. १०१ रहिवासी, ५० कर्मचारी, १६ भेटायला आलेले. रहिवाशांपैकी ३४ गेले. तीनात एक. काचेच्या खिडकीबाहेर उभं राहून आईशी फोनवर बोलणाऱ्या मुलींचे फोटो जगभर गेले ते इथले. काउंटीच्या तपासात एक साधी गोष्ट पुढे आली: तिथले काही कर्मचारी एकापेक्षा जास्त शुश्रूषागृहांत काम करत होते. एका नोकरीत भागत नाही म्हणून दोन. आजारी असूनही कामावर येत होते. विषाणू या पाळीहून त्या पाळीला गेला.

मग किंग काउंटीनं एक अजब काम केलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिनं केंट गावातलं एक मोटेल सुमारे ४० लाख डॉलरला विकत घेतलं. ज्यांना घरात वेगळं राहता येत नाही, किंवा घरच नाही, त्यांच्या विलगीकरणासाठी. प्रत्येक खोलीला बाहेरून स्वतंत्र दार, हवा एका खोलीतून दुसरीत जात नाही, हा त्यातला फायदा. केंट शहराचं म्हणणं, आम्हाला विचारलं कुणी? शहर काउंटीविरुद्ध कोर्टात धावलं. आपल्याकडे विलगीकरण केंद्रासाठी मंगल कार्यालय नाहीतर वसतिगृह ताब्यात घेतलं की गल्लीतले लोक जे बोलायचे, नेमकं तेच.

थोडं उत्तरेला स्कॅजिट काउंटी. या गोष्टीपाशी मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सबंध साथीत एखाद्या छोट्या काउंटी खात्यानं केलेलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. माउंट व्हर्नन गावात गायकांचं एक वृंद होतं. १२२ सभासद. १० मार्चच्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात तालीम होती, साडेसहा ते नऊ. बातम्या येत होत्या, त्यामुळे बरेच आले नाहीत. ६१ जण आले. दाराशी हात धुवायचं जंतुनाशक ठेवलेलं. गळाभेट नाही, हस्तांदोलन नाही. तेव्हा जे सांगितलं जात होतं ते सगळं त्यांनी पाळलं. गाणं म्हटलं, मधे बिस्किटं आणि संत्री खाल्ली, खुर्च्या उचलून ठेवल्या आणि घरी गेले.

त्या ६१ मधल्या एकाला तीन दिवसांपासून बरं वाटत नव्हतं. सर्दीसारखं काहीतरी. नंतरच्या दिवसांत ५३ जण आजारी पडले. ३३ चाचणीनं सिद्ध, २० लक्षणांवरून. तिघांना रुग्णालयात न्यावं लागलं, दोघं दगावले.

१७ मार्चला वृंदातल्याच एका सभासदानं काउंटीच्या आरोग्य खात्याला कळवलं. खातं लहान. पण त्या लोकांनी सगळ्याच्या सगळ्या १२२ सभासदांना फोन केले. तुम्ही आला होतात का? कुठे बसला होतात? काय खाल्लंत? खुर्ची कुणी उचलली? एप्रिलमध्ये परत फोन केले. याचा अहवाल मे महिन्यात केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेच्या साप्ताहिकात आला, आणि त्यावर नावं काउंटीच्याच माणसांची.

याचं महत्त्व कशात? २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर सांगितलं होतं की हा रोग हवेतून पसरत नाही. हात धुवा, पृष्ठभाग पुसा. आपणही भाजी धूत बसलो होतो, आठवतंय ना? दुधाच्या पिशव्या साबणानं! आणि इकडे स्कॅजिटची टिपणं सांगत होती की ज्यांनी हात मिळवले नाहीत, जे एकमेकांपासून लांब बसले, तेही आजारी पडले. मग कशानं? बंद खोलीत अडीच तास गाणाऱ्या माणसाच्या श्वासातून. हवेतून प्रसार होतो असं म्हणणारे शास्त्रज्ञ पुढे वारंवार याच तालमीचा आधार घेत राहिले. इतकी बारीक टिपणं एखाद्या मोठ्या शहरात, हजारो रुग्णांच्या गर्दीत, ठेवणं अवघड होतं. लहान गाव, ओळखीची माणसं, फोन उचलणारे लोक, म्हणून ते झालं.

आता कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवतीचा भाग, ज्याला बे एरिया म्हणतात. तिथली सांता क्लारा काउंटी म्हणजे सिलिकॉन व्हॅली, आणि इथल्या बऱ्याच जणांचे मुलगे-सुना, भाचे-भाच्या तिथे असतील. सनीव्हेल, क्युपर्टिनो, सॅन होजे, ही सगळी त्याच काउंटीतली गावं. लोकसंख्या १९ लाखांच्या वर. आरोग्य अधिकारी डॉक्टर सारा कोडी. ९ मार्चला त्यांनी हजारांहून जास्त लोकांच्या जमावावर बंदी घातली. १३ मार्चला आकडा शंभरावर आणला. आणि १६ मार्चला सहा काउंट्यांचे आरोग्य अधिकारी एकत्र आले: सॅन फ्रान्सिस्को, सांता क्लारा, सॅन मटेओ, मरीन, कॉन्ट्रा कोस्टा, अलामीडा. जोडीला बर्कली शहर, कारण त्याचं आरोग्य खातं स्वतंत्र आहे. त्यांनी आदेश काढला की मध्यरात्रीपासून घरातच राहायचं. सुमारे ६७ लाख लोक. अमेरिकेतला असा हा पहिला आदेश. राज्याचा आदेश आला तीन दिवसांनी, १९ मार्चला.

या आदेशाला त्यांनी जे नाव दिलं, ते ‘आहात तिथेच आसरा घ्या’ अशा अर्थाचं होतं. हा शब्दप्रयोग मुळात विषारी वायुगळती वगैरेसाठीचा, काही तासांचा. लोक गोंधळले. नवं संकट आलं की हाताशी असलेला जुना शब्द वापरला जातो. आपल्याकडे नाही का, ‘संचारबंदी’ हा दंगलीतला शब्द रोगाला लागला!

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. सनीव्हेलमधल्या मराठी घरांत घरबंदीचा नववा दिवस, आणि पुण्या-मुंबईत देशव्यापी टाळेबंदीचा पहिला. फोनच्या पडद्यावर दोन्हीकडच्या गुढ्या. फरक इतकाच की इकडचा आदेश पंतप्रधानांनी रात्री आठ वाजता दिलेला आणि तिकडचा एका काउंटीच्या डॉक्टरांनी सही केलेला.

हा आदेश लवकर निघाला का? कोडीबाईंना तेव्हा माहीत नव्हतं की त्यांच्याच काउंटीत ६ फेब्रुवारीला एक मृत्यू होऊन गेला आहे. ५७ वर्षांची व्यक्ती, घरीच गेली, परदेश प्रवास नाही. त्या काळात चाचणी कुणाची व्हायची, तर चीनहून आलेल्यांची किंवा ज्ञात रुग्णाच्या संपर्कातल्यांची. त्यामुळे अशा माणसाची चाचणी होणं शक्यच नव्हतं. पण काउंटीच्या कोरोनरच्या कचेरीनं नमुने जपून ठेवले होते. ते केंद्राकडे पाठवले गेले आणि २१ एप्रिलला जाहीर झालं की तो कोरोनाचा मृत्यू होता. तोवर देशातला पहिला मृत्यू किंग काउंटीतला मानला जात होता. म्हणजे इतिहासाची तारीख तीन आठवडे मागे सरकली. प्रवास न करता लागण झाली, याचा अर्थ जानेवारीतच विषाणू तिथे वस्तीला आलेला. स्नोहोमिशचा तो नीट सांभाळलेला पहिला रुग्ण, आणि आपण त्याच्यावर नजर ठेवून बसलो असताना मागच्या दारानं चोर आत. जाता जाता: मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता. आणि कोरोनर काय, कोरोना काय, दोन्ही शब्द मुकुट या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेत.

मे महिन्यात पेच सुरू झाले. अलामीडा काउंटीत फ्रीमाँटला टेस्लाचा कारखाना आहे. काउंटी म्हणाली, अजून थांबा. इलॉन मस्क यांनी ९ मे रोजी काउंटीवर दावा लावला, मुख्यालय कॅलिफोर्नियातून हलवू म्हणाले, आणि ११ मे रोजी आदेश धुडकावून कारखाना सुरू केला. अटक करायची तर मला करा, असंही जाहीर केलं. काउंटीनं अटक वगैरे काही केली नाही. बोलणी झाली, सुरक्षेच्या अटी ठरल्या, २० मे रोजी दावा मागे घेतला गेला. कायद्यानं आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात काय आहे आणि हजारो नोकऱ्या देणाऱ्यासमोर त्यातलं किती चालतं, हे त्या दहा-बारा दिवसांत सगळ्यांना दिसलं. मुख्यालय पुढच्या वर्षी टेक्सासला गेलंच.

दक्षिणेला ऑरेंज काउंटीत याहून वाईट झालं. आरोग्य अधिकारी डॉक्टर निकोल क्विक यांनी मे महिन्याच्या शेवटी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. मंडळाच्या बैठकीत लोकांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, त्यांच्या घराचा पत्ता वाचून दाखवण्यापर्यंत मजल गेली, धमक्या आल्या. ८ जूनला त्यांनी राजीनामा दिला. तीन दिवसांत सक्तीची शिफारस झाली. आणि त्यानंतर आठवडाभरात गव्हर्नरांनी सबंध राज्यात मास्क सक्तीचा केला! सारा कोडींनाही धमकीची पत्रं येत होती. त्यात एकाला ऑगस्टमध्ये अटक झाली. शेरीफ मंडळींचं सांगायचं तर रिव्हरसाइड काउंटीच्या शेरीफनं उघड सांगितलं की मी हे आदेश बजावणार नाही. त्यालाही लोकांनीच निवडून दिलेलं, त्याला कोण विचारणार?

टेक्सासमध्ये तर काउंटी आणि राज्य यांचीच जुंपली. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीच्या प्रमुख लीना हिडाल्गो. पदाचं नाव ‘काउंटी जज’, पण काम न्यायाधीशाचं नाही, कारभाराचं. कोलंबियात जन्मलेल्या, वय २९. २२ एप्रिलला त्यांनी मास्कचा आदेश काढला, न लावल्यास हजार डॉलरपर्यंत दंड. पाच दिवसांत गव्हर्नर ॲबट यांनी दंड करण्याचा अधिकारच काढून घेतला. जुलैच्या सुरुवातीला रुग्णालयं भरत चालली, तेव्हा त्याच गव्हर्नरांनी बहुतेक काउंट्यांत मास्क सक्तीचा केला. मधले दोन महिने गेले ते गेले. त्याच हॅरिस काउंटीत, चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या ह्यूस्टनच्या काउंटीत, चाचण्यांचे निकाल फॅक्सवर येत होते. यंत्रातून कागद बाहेर पडतोय, जमिनीवर ढीग होतोय, आणि माणसं ते हातानं उचलून संगणकात भरतायत. २००८ च्या मंदीनंतर स्थानिक आरोग्य खात्यांतली माणसं कमी होत गेली होती. साथ नसते तेव्हा आरोग्य खात्याला पैसे कोण देतो? हा प्रश्न तिकडचा आणि इकडचा एकच.

याकिमाकडे येतो. मे-जून २०२० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांत दर लोकसंख्येमागे सगळ्यात जास्त रुग्ण याकिमात होते. कारण सफरचंद. फळं निवडून खोक्यांत भरायच्या शेडमध्ये पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसं खांद्याला खांदा लावून उभी. शेती आणि अन्न हे ‘अत्यावश्यक’ काम, त्यामुळे घरबंदीचा आदेश त्यांना लागूच नाही. काम करणारे बहुतेक लॅटिनो. मे महिन्यात अनेक शेडमधले कामगार संपावर गेले. मागण्या काय होत्या? मास्क, अंतर, आणि जोखमीचे थोडे जास्त पैसे. जूनमध्ये तिथल्या रुग्णालयात जागा संपली, रुग्ण बाहेर हलवावे लागले. ज्या काउंटीनं १९११ मध्ये देशाला धडा घालून दिला, तिला या वेळी गव्हर्नरचा खास आदेश लागला.

मेक्सिकोच्या सीमेवरच्या इम्पीरियल काउंटीचं तसंच. भाजीपाल्याचं शेत, बहुसंख्य लॅटिनो वस्ती, दोन रुग्णालयं. जूनमध्ये कॅलिफोर्नियात शंभर चाचण्यांत पाच-सहा पॉझिटिव्ह निघत, तेव्हा इथे २३. शेकडो रुग्ण दुसऱ्या काउंट्यांत हलवले गेले. आणि सांता क्लारासारख्या श्रीमंत, लवकर जागी झालेल्या काउंटीतही लॅटिनो लोक लोकसंख्येत चौथा हिस्सा असताना रुग्णांत निम्म्याच्या आसपास होते. पूर्व सॅन होजेत एका घरात दोन-तीन कुटुंबं. घरात राहा म्हणणारा आदेश, घर किती मोठं आहे ते विचारत नाही. कोडींच्या आदेशानं जीव वाचले, असं मी मानतो. पण कुणाचे जास्त वाचले, हेही विचारायला हवं, आणि लॅपटॉपवर काम करता येणाऱ्यांचे जास्त वाचले हे त्याचं उत्तर आहे.

शेवटी कोर्ट. १९०५ मध्ये जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की देवीची लस सक्तीची करण्याचा अधिकार राज्याला आहे. लस नाकारणाऱ्या त्या पाद्रीबुवांना पाच डॉलर दंड झाला होता. शंभर वर्षं आरोग्य अधिकारी या निकालाच्या भरवशावर होते. ९ एप्रिल २०२१ ला टंडन विरुद्ध न्यूसम या खटल्यात तो भरवसा ढळला. सांता क्लारा काउंटीतल्या काही रहिवाशांना घरी प्रार्थनेसाठी जमायचं होतं. तीनपेक्षा जास्त कुटुंबांनी घरात जमू नये असा नियम. दुकानं आणि केशकर्तनालयं उघडी, मग प्रार्थनेलाच आडकाठी का, हा त्यांचा सवाल. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला. पहिलं नाव टंडन, म्हणजे भारतीय वंशाचं, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

त्याच वर्षी देशातल्या अर्ध्याहून जास्त राज्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांचे अधिकार कमी करणारे कायदे केले. ओहायोत गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, तर विधिमंडळानं तो झुगारून कायदा केला. तिथली स्थानिक आरोग्य मंडळं आता ज्यांना लागण झालेली नाही किंवा जे रुग्णाच्या संपर्कात आलेले नाहीत, अशा निरोगी लोकांना सरसकट घरात बसवू शकत नाहीत. मोंटानात आरोग्य मंडळाच्या नियमांना निवडून आलेल्या मंडळाची मंजुरी लागते. १६ मार्च २०२० सारखा आदेश तिथला एखादा डॉक्टर आज आपल्या एकट्याच्या सहीनं काढू शकणार नाही. आणि स्कॅजिटसारखे फोन करायला माणसं लागतात, त्यांचे पगार याच मंडळांनी मंजूर करायचे असतात.

प्रश्न घेऊया आता. मागे कुणीतरी हात वर केलाय.